बाबांच्या शर्टाची पिशवी

रविवारी जुने कपडे काढून मी पिशव्या शिवत बसले. चादरीची कांद्यांसाठी झाली आणि बाबांच्या निळ्या शर्टाची कपड्यांच्या चिमट्यांसाठी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईला विचारावं, हे मला सुचलंच नाही.

कपडे वाळत घालताना आईने चिमट्यासाठी पिशवीत हात घातला आणि ती थांबली.

"हा त्यांचा शर्ट ना?"

"आई, चुकलंच माझं. विचारायला हवं होतं."

"असू दे गं. छान शिवलीयेस."

एखादी वस्तू कुणी नुसती जवळ असावी म्हणूनही ठेवतं, हे कात्री चालवताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिमटे एका डब्यात दिसले. पिशवी आईने धुऊन, इस्त्री करून आपल्या कपाटात, साड्यांच्या घडीवर ठेवली होती.