सव्वीस डिग्री

सलूनवाल्याचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "मासे पाळा. रोज थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसा, मन शांत होईल."

डॉक्टर चांगल्या मनाने म्हणाले, पण आपला पेशंट कसला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. हा माणूस गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावायचा आणि रस्त्यावर काय चाललंय ते बघायला दारात जाऊन उभा राहायचा. बायको सांगायची, "आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत हे धड दिसत नाहीत. सगळीकडे हललेले!"

मासे आले. आरशाशेजारी काचेची टाकी बसली. तिच्यात चार एंजल मासे, उभ्या पट्ट्यांचे, रुबाबात फिरणारे. आणि लाल-निळ्या टेट्रांचा एक चिमुकला थवा. मासे विकणाऱ्याने बजावलं, "हे गरम पाण्यातले जीव. पाणी सव्वीस डिग्रीला ठेवा. थोडं इकडेतिकडे चालेल, पण एकदम खाली-वर झालं तर टिकायचे नाहीत."

झालं! डोक्याचा ताप कमी करायला आणलेल्या माशांनी याला नवा ताप दिला. पाण्यातला हीटर आपोआप चालू-बंद व्हायचा, पण याचा त्या हीटरवर काडीचा विश्वास नव्हता. एक गाल झाला की थर्मामीटर बघ, दुसरा झाला की पुन्हा बघ. कुणी दार उघडं टाकलं की ओरडायचा, "अहो, दार लोटा, पाणी गार होतंय!" गल्लीने त्याचं नाव 'डिग्री' ठेवलं. शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला घरबसल्या डिग्री मिळाली म्हणून लोक हसायचे. तोही हसायचा, पण नजर थर्मामीटरवर.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी कोपऱ्यावर खोदकाम करताना विजेची केबल तुटली आणि सगळी गल्ली बंद पडली. वायरमन आधी म्हणाला, "दुपारी येईल." दुपारी म्हणाला, "आज काही खरं नाही."

पाण्याची ऊब हळूहळू उतरत होती. सलूनवाल्याने दुकानातले सगळे टॉवेल टाकीभोवती गुंडाळले, वर घोंगडी टाकली. मग घोंगडी उचलून बघितलं. पुन्हा टाकली, पुन्हा उचलली.

"तुम्ही सारखं उघडताय म्हणूनच गार होतंय," बायको म्हणाली.

"मग काय हातावर हात ठेवून बसू?"

एंजल तळाला जाऊन एका बाजूला कलले होते. ते पाहून त्याचा धीर सुटला. त्याने गॅसवर किटलीभर पाणी उकळलं आणि टाकीत ओतलं. बायको "अहो, अहो!" म्हणेपर्यंत किटली रिकामी. धारेखाली सापडलेले तीन टेट्रा जागच्या जागी उलटे झाले. त्याने ते तळहातावर काढले. लाल रंग अजून तसाच होता.

बायकोने त्याच्या हातातून किटली काढून घेतली. "मोठ्या भाऊजींकडे चला. त्यांची भट्टी लाकडावर चालते. वीज असो-नसो, तिथे ऊब असते."

"दादाकडे? मेलो तरी जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. मासे जातील," ती म्हणाली आणि झाकणाची बादली घेऊन आली.

थोरल्या भावाची बेकरी मागच्याच गल्लीत होती. वडिलांची बेकरी ती. धाकट्याला पीठ फुगायची वाट बघत बसणं जमलं नाही, म्हणून तो कात्री शिकायला निघून गेला. "तुला भट्टीची लाज वाटते," असं थोरला म्हणाला; शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून थोरला केस कापायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा आणि धाकट्याच्या घरचे लांबून आणलेला शिळा पाव खायचे.

बायको बादली घेऊन पुढे, हा चार पावलं मागे. थोरला भट्टीसमोर पिठाने माखलेला उभा होता. त्याने बादलीत डोकावून पाहिलं.

"मी पाव भाजतो, मासे नाही."

"भाऊजी, थट्टा नको. गारठलेत बिचारे."

थोरल्याने बादली उचलली आणि पीठ फुगायला ठेवायच्या खोलीकडे निघाला. सलूनवाल्याला राहवलं नाही. "तिथे नको, भट्टीला चिकटवून ठेव! लवकर गरम होईल!"

"घाई केली की पीठसुद्धा बिघडतं, हे तर जिवंत आहेत," थोरला म्हणाला. "या खोलीत ऊब सारखी असते. हळूहळू चढू दे. आणि तू बाहेर थांब, सारखं दार उघडशील."

बाहेर मागच्या अंगणात एक स्टूल होतं. सलूनवाला बसला, उठला, फेऱ्या मारल्या. थोड्या वेळाने थोरला हात पुसत बाहेर आला तेव्हा उजेडात त्याचं डोकं नीट दिसलं. कानामागे एकीकडे वर, एकीकडे खाली. जणू कुणी कुरतडलंय.

"हे कुणी कापले?"

"का?"

"माणूस होता की बोकड?"

थोरला हसू दाबत म्हणाला, "लांबचा आहे. घाईत असतो."

"बस इथे." सलूनवाल्याच्या खिशात कात्री-कंगवा नेहमीच असायचे. थोरल्याने एकदा बेकरीकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि स्टुलावर बसला.

"पिठात केस जाऊ देऊ नकोस."

"मान हलवू नकोस."

कात्री चालू झाली. मग थोरला मान तशीच खाली ठेवून म्हणाला, "तुला लाज वाटते म्हणालो होतो मी. तसं नव्हतं, माहीत होतं मला. एकट्याने भट्टी सांभाळायची मलाच भीती वाटली होती."

सलूनवाल्याची कात्री थांबली. "तेव्हाच सांगायचं की."

"तू थांबलास कुठे ऐकायला?"

सलूनवाल्याने कानामागची बाजू पुन्हा सारखी केली, गरज नसताना.

एंजल संध्याकाळी सरळ झाले. एक मात्र सकाळपर्यंत टिकला नाही. दुसऱ्या दिवशी वीज आली, टाकी पुन्हा सव्वीसवर पोचली, तेव्हा थोरला स्वतः बादली घेऊन सलूनमध्ये आला आणि मासे सोडेपर्यंत तिथेच उभा राहिला.

सलूनवाल्याने आता दुसरा हीटर आणलाय आणि दोन्ही एकदम चालूच राहून पाणी उकळलं तर काय, ही नवी काळजी लावून घेतलीय. डॉक्टरांनी गोळी वाढवली. थंडी वाढली की थोरल्याचा फोन येतो, "पाणी किती आहे रे?" हा वैतागून म्हणतो, "बघतो मी माझं!" आणि फोन ठेवायच्या आधी आकडा सांगतो.