वेणी ताईच घालतात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुखेडला माझी आई आहे, तिलाही नाही — आणि तिला तर यातलं अर्धं आधीपासून माहीत आहे.

लहानपणी माझे डोळे मिचकायचे. सोबत नाकही वर जायचं. वर्गातल्या पोरी नक्कल करायच्या. आई म्हणायची, चारचौघांत मान खाली ठेव, कळत नाही. मला बघायला आले तेव्हा मी मान वर केलीच नाही, आणि सासरची मंडळी खूश — पोरगी काय लाजरी आहे! लाजरी कसली? लग्नानंतर ते कमी झालं, गेलं नाही. दमले की यायचं. मग पदर सावरायचा, गॅसकडे तोंड करायचं. नवऱ्याला कळलं नाही का? बायकोकडे इतकं निरखून बघणारा नवरा कुणाच्या नशिबी असतो!

मागच्या वर्षी माझ्या गौरीचे डोळे मिचकायला लागले. नुकतीच पहिलीत गेली होती. मग ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला जायला लागला. पहिल्यांदा दिसलं तेव्हाच मी ओळखलं — आपलं आपल्याला कळणार नाही? आणि मी काय केलं? तिच्या दंडाला चिमटा काढला. रोज काढत गेले. तिचं आणखी वाढलं.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून विस्तवावर टाकल्या. कुणालाच ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर जबर, आमच्याकडे यावर वाद नसतो. "लेकराला कोण एवढं टक लावून बघून राहिलं?" त्या म्हणाल्या.

आता — इथंच माझी जीभ अडते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना मूल नाही. मी त्यांना ताई म्हणते, गौरी मोठी आई. त्या तिथंच दारात उभ्या होत्या. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतील, अशी भीती वाटली. मी म्हणाले, "रोज वेणी तर ताईच घालतात."

एवढंच. खोटं तर काही बोलले नव्हते ना?

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी गौरीला हात लावला नाही. ती कंगवा घेऊन त्यांच्या खोलीशी जायची. "आईकडून घालून घे गं माय," त्या आतूनच म्हणायच्या. मी ऐकायचे आणि भाजी चिरत राहायचे.

शेवटी गौरीला दाखवायला, सासूबाईंना घेऊन नांदेडच्या डॉक्टरांकडे गेलो. घरात आणखी कुणाला असं होतं का, त्यांनी विचारलं. नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं मी — पण गौरी माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे मिचकत होते. "मला," मी म्हणाले. "लहानपणापासून." आणि रडायलाच लागले. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ मुलांना होतं. ती मुद्दाम करत नाही. रागावू नका, टोकू नका, बहुतेकांचं आपोआप कमी होतं. परतताना एसटीत मला गाढ झोप लागली.

घरी सासूबाईंनीच ताईंच्या हातात कंगवा दिला. माफी वगैरे मागायची त्यांना सवय नाही. "घाल बाई, लेकरू लई दिवस वाट बघून राहिलंय." ताई डोळे पुसत भांग पाडायला बसल्या. आता गौरीचे डोळे मिचकतात, कुणी बघत नाही. माझेही मिचकतात, आणि मी पदर सावरत नाही. किती बरं वाटतं म्हणून सांगू!

पण सगळ्यांना वाटतं, गौरीचं हे माझ्यावरूनच आलंय, ते मला डॉक्टरांपुढंच उमगलं. परवा ताईच मला म्हणाल्या, "तुला तरी कसं ठाऊक असणार गं?" मी मान डोलावून "हाव" म्हणाले.

मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे बोट दाखवलं तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

हे तुमच्यापुढं बोलले आणि जीभ सुटली. आज दुपारी ताई शेंगा फोडायला बसतील, तेव्हा याच शब्दांत त्यांना सांगणार आहे. त्या बोलतील, नाहीतर उठून जातील.