पुन्हा-मॅडम आणि टाळूचं माप

समता कॉलोनीतल्या दवाखान्यात आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सगळे मागून ‘पुन्हा-मॅडम’ म्हणायचे. दातांचं माप कितीही स्वच्छ येवो, त्या ते खिडकीच्या उजेडात फिरवून पाहायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा घेऊ.” पेशंट कुरकुरला की, “एक बार और, भैया. मेरे लिए.”

तोंडात फिरवून माप घेणारा स्कॅनर आला तेव्हा त्यांच्या हाताखालची मी खूश झाले. मॅडमना मात्र धास्तीच. “मशीन दिसते तेवढंच मोजते वं, पोरी. हलते त्याचं काय?”

मग गुढियारीहून बापूराव आले, रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या तोंडातल्या टाळूचा अर्धा भाग जाऊन तिथे भोक पडलं होतं. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं, बोललेलं सोबत आलेल्या बायकोला, काकूंनाही कळेना. लोकांत जेवणं त्यांनी सोडलंच होतं. ते भोक झाकणारी प्लेट बसवायची होती.

स्कॅनरच्या मापावरून केलेली प्लेट छान बसली. बापूरावांनी घोट घेतला आणि पाणी नाकातून शर्टावर सांडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. “राहू द्या मॅडम,” काकू म्हणाल्या, “काहून अजून तरास द्यायचा यायले?”

उरलं जुनं माप: ट्रेमध्ये ओला मसाला भरून तोंडात दाबायचा आणि तो घट्ट झाला की काढायचा. बापूरावांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. मसाल्याचा तुकडा तुटून वर भोकात राहिला तर श्वासात अडकणार. मॅडमनी भोकात दोरा बांधलेली गॉजची, जाळीदार कापडाची घडी बसवली आणि दोरा माझ्या हाती दिला. “सोडू नको. मले भेव लागून राहिलं.”

हलणाऱ्या टाळूचाही ठसा उठावा म्हणून मसाला ओला असतानाच त्या बापूरावांना गिळायला, मान वळवायला सांगत होत्या. अचानक ते गुदमरले. मॅडमनी ट्रे ओढला. त्यातल्या मसाल्याचा एक कोपरा तुटलेला! मी दोरा खेचला. गॉजला चिकटून तुकडा बाहेर आला. मॅडमनी ट्रे बाजूला ठेवला. त्या थांबल्याच असत्या, पण बापूरावांनी एक बोट वर केलं. आणखी एकदा.

त्या दुसऱ्यांदा घेतलेल्या मापाची प्लेट बसवली त्या दिवशी आम्ही तिघी त्यांच्या नाकाकडे बघत होतो. घोट आत गेला. दुसराही गेला. मग ते काकूंकडे वळले. “सुमे, घरी चाल.” शब्दन् शब्द स्पष्ट. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या वर्षी मॅडमनी दवाखाना बंद केला. “हात कापते आता. कोणाले दिसत नाही, पण मले समजते,” एवढंच सांगून त्या नागपूरला भावाकडे गेल्या.

आता माझा स्वतःचा दवाखाना आहे. कुणाच्याही तोंडात ट्रे ठेवताना मलाही मॅडमसारखी भीती वाटते. ती वाटेनाशी झाली, तर त्या दिवशी मीही काम थांबवीन.