कॅरियरवरची जागा

माझ्यासारख्याने कुणाबद्दल लिहावं, हे धाडसच आहे. चुकलं तर माफ करा.

वाटूर फाट्यावरच्या सायकलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आई माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटायची आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडायची. “माझ्याच वजनानं,” म्हणत ती कामाला पायी जाऊ लागली.

मी सायकल त्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला. “वजन न्हाई, टायर बारीक हाय. बारीक टायरचा रुबाब पाह्यजे, का मागं बसलेली माय?”

मग मागे रुंद टायर घालून त्याने हवा टच्च भरली.

पण आई बसेना. मी कॉलेजला जाताना तो रोज काम करता करता विचारायचा, “बसल्या का मावशी?” मी “अजून न्हाई” म्हणायचो.

आज सांगितलं, “काल बसली. खड्डे लागले, पण पंक्चर न्हाई.”

पहिल्यांदाच त्याचा हात थांबला.

“मंग आता हवा कमी होऊ देऊ नको,” तो म्हणाला.