फेरीत पुढे मी

रुग्णमदत मंडळ पंधरा वर्षांचं झालं म्हणून ते एक पुस्तिका काढताहेत. त्यात माझ्या धाकट्या बहिणीवर दोन पानं हवीत आणि ती म्हणे मीच लिहायची. "तुम्ही मोठी बहीण, तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?" सेक्रेटरीबाई गोड आवाजात म्हणाल्या. ओळखते ना, चांगली ओळखते. म्हणून आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळते. लहानपणापासून जळते. आता छापा, नाहीतर फाडून टाका.

तर आमची धाकटी. सगळे तिला होडीवाली म्हणतात. तलावाच्या धक्क्याला लागून पत्र्याची लांबलचक शेड आहे, तिथे तिच्या सव्वीस कयाक भिंतीला टांगलेल्या असतात. कयाक म्हणजे निमुळती होडी, एकाने नाहीतर दोघांनी बसायची आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची. हौशी लोक त्या तासावर भाड्याने नेतात, त्यावर तिचं घर चालतं. मंगळवारी मात्र धंदा बंद. त्या दिवशी डायलिसिसवरची माणसं, अंधशाळेतल्या मुली, वृद्धाश्रमातले आजी-आजोबा यांना ती फुकट पाण्यात नेते. शिवाय वर्षातून एकदा मोठी फेरी असते. बेटाला वळसा घालून परत यायचं, येणाऱ्या प्रत्येकाने ओळखीपाळखीतून देणगी आणायची, आणि ती सगळी मंडळाला.

चांगलं काम आहे, मी कुठे नाही म्हणते? पण अहो, वल्हं मारायला तिला शिकवलं कोणी? बाबा लोकांना पैलतीरी पोचवायचे. त्यांनी मला शिकवलं आणि मी हिला. नऊ वर्षांची असताना मी एका दमात बेट गाठायचे. ही अर्ध्या वाटेत "ताई, हात दुखतोय गं" म्हणून भोकाड पसरायची. मग मी तिची होडी माझ्या होडीला बांधून बेटापर्यंत ओढत न्यायचे, तशीच परत आणायचे, आणि धक्क्यावर उतरली की ही बाबांना सांगायची, "आज मी बेटापर्यंत गेले!" बाबा तिलाच कडेवर घ्यायचे. माझ्या हाताला फोड आलेले असायचे, ते कोण बघतो.

पुढे मी शिवणकामात पडले आणि हिने बाबांच्या होडीवर हा धंदा उभा केला. नवरा गेल्यावर मी रोज सकाळी तिच्या शेडमध्ये जाऊ लागले. लाइफ जॅकेटं माझ्याकडे. उसवलेला पट्टा दुहेरी शिवणीने पक्का करायचा, प्रत्येक बकल दोनदा ओढून बघायचं, ओलं जॅकेट उलटं करून वाळत घालायचं. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही जॅकेट पाण्यात उतरत नाही. त्याबद्दल पेपरात कधी काही आलं? एकदा आलं होतं. तिच्या फोटोच्या कोपऱ्यात माझं कोपर.

आता खरं दुखणं सांगते. फेरीत दोन होड्या जाणत्या माणसांच्या असतात, एक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत शेवटी. पुढच्या होडीने वाट दाखवायची आणि जो सगळ्यांत लवकर दमणारा असेल त्याच्या बेताने वेग ठेवायचा. शेवटच्या होडीने कोणाला मागे सोडायचं नाही, कोणी थकला तर दोर अडकवून ओढून आणायचं. सुरुवातीला पुढे मी असायचे आणि शेवटी धाकटी. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा फोटोवाले येणार असं कळलं आणि त्याच आठवड्यात ही म्हणाली, "ताई, यंदापासून तू मागे राहा, मी पुढे जाते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी गेले मागे. पाच वर्षं सगळ्यांच्या पाठी बघत वल्हवलं. रडणारे ओढले, उलट्या करणारे ओढले, एकदा तर एक जाडजूड बँक मॅनेजर ओढला. इकडे पेपरात ही, पुढे, झेंडा लावून हसतेय.

यंदा फेरीच्या आदल्या दिवशी मी जॅकेटांचा गठ्ठा तिच्या पुढ्यात आपटला.

"उद्या पुढे मी जाणार," म्हटलं. "मिरवायचं ते तू मिरवलंस."

ती वल्हं पुसत होती. थांबली. "बरं. तू जा पुढे."

"आणि मागे?"

"मी आहे ना."

एवढ्यावर मिटलं. भांडायची सगळी तयारी करून गेले होते, ती वाया गेली, याचाही मला रागच आला.

सकाळी झेंडा माझ्या होडीवर. फोटोवाले म्हणाले, "मावशी, इकडे बघा!" मी बघितलं. का नाही बघायचं? निघालो, आणि मी वल्हं मारायला लागले. आता ऐका. पाच वर्षं शेवटी राहिलेल्या माणसाच्या हाताला एकच सवय असते, पुढच्याला गाठायचं. माझ्यापुढे तर कोणीच नव्हतं. तरी हात आपले कोणाला तरी गाठायला चाललेले. मागून दोनदा हाक आली, "ताई, जरा हळू!" मला ऐकू आलं होतं. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, बघू दे जरा, खरी वल्हवणारी कोण आहे ते.

बेटामागे वारा सुटला तरी मी वेग कमी केला नाही. धक्क्याला लागले तेव्हा टाळ्या वाजल्या. मग एकेक होडी येत गेली, माणसं धापा टाकत उतरली. होड्या मोजल्या तर दोन कमी. धाकटीची, आणि निवृत्त पोस्टमास्तर नि त्यांच्या बायकोची जोडहोडी. पोस्टमास्तर डायलिसिसवर आहेत. आदल्याच दिवशी रुग्णालयात चार तास पडून होते, तरी हट्टाने आले होते.

"होडीवाली मागे आहे ना, आणेल ती," कोणीतरी म्हणालं. झालं! पुढे मी आले तरी भरवसा तिच्यावरच.

तेवढ्यात धाकटीचा नवरा माझ्याजवळ आला. चेहरा पांढराफटक. "ताई, तिला ओढता येत नाही हो. डावा खांदा पार गेलाय. डॉक्टरांनी ओझं ओढायला बंदी केलीय, पाच वर्षं झाली."

"पाच? आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मंगळवार बंद करायला लावला असता, म्हणून नको म्हणाली."

लावलाच असता. शेडला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली असती.

मी झेंडा उपटून धक्क्यावर फेकला आणि तशीच परत निघाले. हाताला पेटके येत होते. बेटामागच्या पाणगवतापाशी ती दिसली. पोस्टमास्तर वल्हं मांडीवर टाकून, डोळे मिटून बसलेले. त्यांची बायको एकटीच कसंबसं वल्हवतेय. आणि पुढे आमची बया, कमरेला दोर अडकवून नुसत्या उजव्या हाताने पाणी ओढतेय. ओठ दातांत धरलेला. होडी हातभर पुढे जायची, वाऱ्याने पुन्हा तेवढीच मागे.

"मूर्ख कुठली! बोलायला काय झालं होतं तुला?" मी लांबूनच ओरडले.

"तुझं तोंड सुरू झालं असतं ना," ती म्हणाली. हसायला गेली आणि कळ आली तशी थांबली.

मी माझा दोर तिच्या होडीच्या नाकाला अडकवला. म्हटलं, "वल्हं आत घे. हात हलवलास तर याद राख." तिने गुपचूप वल्हं आत घेतलं, मी नऊ वर्षांची असताना घ्यायची तसंच. मी ओढायला लागले. तीन होड्या एका दोरात, समोरून वारा, आणि या साठीतल्या माझ्या हातांत आता राहिलंय काय? माझ्या मिरवण्यापायी त्या माणसाला काही झालं असतं तर, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

मागे पोस्टमास्तरांची बायको रडवेल्या आवाजात म्हणाली, "पोचू ना हो आपण?"

"अगदी निश्चिंत राहा," धाकटी म्हणाली. "पुढे माझी ताई आहे. लहानपणी मी बेटापर्यंत जायचे ना, ते हिनेच ओढून नेलेलं. बाबांना मी तेवढं कधी सांगितलं नाही."

पन्नास वर्षं मी हे ऐकायला थांबले होते. मागे वळून बघितलं नाही, वल्हवताना वळलं की होडी डगमगते. डोळ्यांत पाणी आलं होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. आणि तशातही मनात आलंच, नेमकं बोलायचंसुद्धा हिलाच कसं सुचतं!