मामांचा तेवीस नंबर

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुलूप लावलेल्या दारांवर आमच्या मामांइतका जीव लावणारा दुसरा माणूस सापडणार नाही. मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आरोग्य खात्यात गावोगाव पायपीट करून निवृत्त झालेले हे गृहस्थ देशभराच्या आरोग्य सर्वेक्षणात आम्हा चार मुलींवर सुपरवायझर म्हणून नेमले गेले, आणि पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना मामा करून टाकलं. यादीत जे घर निवडून येईल तेच करायचं, ते बंद असेल तर शेजारचं उरकायचं नाही, तीनदा जाऊन बघायचं, असा नियम. बाकीच्या टीम तिसऱ्या फेरीला ‘घर बंद’ अशी नोंद करून मोकळ्या होत. मामांचं तीनवर भागत नसे. कसबा बावड्यात एका नव्याकोऱ्या बंगल्यासमोरच्या कट्ट्यावर ते सलग दोन दिवस ठाण मांडून बसले, तेव्हा शेजारच्या बाईंना राहवेना. “पावणं, स्थळ बघायला आलाय व्हय? पोरीचं लगीन झालंय की मागल्या म्हैन्यात!” मामांनी लाजायचं सोडून ती माहिती टिपून घेतली. घरातलं एक माणूस कमी झालं होतं ना!

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास माणसानं चहा घेतलेला नसावा, हा आणखी एक नियम. आता कोल्हापुरात पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की आधण चढतं आणि घरातली माणसं त्याच्याबरोबर कप उचलतातच. म्हणून मामा चपला काढायच्या आधी दारातूनच ओरडत, “च्या नको! आधी बीपी!” मुरगूडला एका मास्तरांकडे त्यांना ओरडायला जरा उशीर झाला आणि मास्तरांचा पहिला घोट घशाखाली उतरला. झालं! मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि अख्ख्या घराला अर्धा तास गप्प बसवलं. “जल्मभर पोरांस्नी गप बसवलं,” मास्तर नंतर म्हणाले, “पर माझीच शाळा घ्यायला आज कुनीतरी आलं.” नावं मामांच्या लक्षात राहत नसत, घरांचे नंबर मात्र पाठ. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढायला आलेल्या बाईंना भर मांडवात विचारलं, “तुम्ही मुरगूडच्या सतरा नंबर की! रक्त वाढलं का?” बाईंच्या हातातली जिलेबी शेजारच्याच्या ताटात पडली. आम्ही चौघी हसून हसून बेजार, आणि मामांना आपलं काय चुकलं ते कळेना.

पण मामांचं खरं चुकत होतं ते दुसरीकडेच. आमचं काम मोजायचं, बरं करायचं नव्हे. आकडा वाईट आला तर दवाखान्याची चिठ्ठी हातात द्यायची आणि पुढच्या घरी जायचं. मामांना ते जमत नसे. बिद्रीला तेवीस नंबरच्या घरात एक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या, तीन म्हशी आणि साऱ्या घराचा रगाडा एकटीच्या अंगावर घेतलेल्या. त्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा दोनशेच्या पुढं गेला. मी तीनदा मोजला, तिन्ही वेळा तेच. “येळ गावला की जातो दवाखान्यात,” बाई म्हणाल्या. मामा भडकले. “म्हस आजारी पडली तर तासात डाक्टर आनशीला, आन सोताला न्हाय व्हय?” चिठ्ठी दिली, आम्ही निघालो, आणि येणाऱ्या रविवारी मामा स्कूटर घेऊन माझ्या दारात. मशीन माझ्या ताब्यात असायचं, म्हणून मीच! कोल्हापूरच्या घरात रविवारी मटण चुलीवर असताना कुणाला बिद्रीला ओढून नेणं म्हणजे शुद्ध अत्याचार होता. पण गेले. एकदा, दोनदा, तीनदा. बाईंनी दवाखाना केला, गोळ्या सुरू झाल्या, मामा समोर बसून त्यांना गोळी गिळायला लावत. तिसऱ्या रविवारी आकडा खाली आलेला बघून मामांनी म्हशीच्या पाठीवरच थाप मारली.

चौथ्या रविवारच्या आधी मी सर्वेक्षणाच्या साहेबांना सांगून टाकलं. मामा वाईट म्हणून नाही, माझे रविवार जात होते म्हणून. सर्वेक्षण झालेल्या घरी परत जाणं, कुणाच्या तब्येतीची अशी चौकशी करणं नियमाबाहेरचं होतं, आणि नियम माझ्या बाजूनं होता. त्याच आठवड्यात मामांना घरी बसवलं. कुणी सांगितलं हे त्यांना अजून माहीत नाही. निघताना माझ्या हातात हात देऊन ते एवढंच म्हणाले, “पोरी, तेवीस नंबर तेवढा बघ.”

मी बघितला नाही. तीन महिन्यांनी मुरगूडला जाताना वाटेत बिद्रीला उतरले. गोठ्यात म्हशी नव्हत्या. बाई खाटेवर पडून होत्या, उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं कळत नव्हतं. त्यांच्या जाऊबाईंनी मला पाणी दिलं आणि सहज सांगितल्यासारखं सांगितलं, “मामा यायचं बंद झालं की. तवा हिला वाटलं, आपुन बरं झालो. गोळ्या ठिवून दिल्या हिनं.” पाण्याचा तांब्या मी तसाच खाली ठेवला.

त्याच संध्याकाळी मामांच्या घरी गेले, सगळं सांगायचं ठरवून. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “तेवीस नंबर किती?”

“एकशे तीस,” मी म्हणाले. कसं म्हणाले कोण जाणे.

मामांनी मांडीवर थाप मारली. “आगं ऐकलंस का,” ते आत मामींना ओरडले, “बिद्रीची सुधारली! म्हंजे आता मी गेलो न्हाय तरी चालतंय.”

त्यानंतर खरं सांगायला म्हणून मी किती वेळा गेले! मामा थकलेत, हल्ली जिना उतरत नाहीत. मी दिसले की पहिला प्रश्न तोच असतो. मी एक आकडा सांगते, आणि मामा तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत जपून लिहून ठेवतात.