पेलाभर दूध

म्हशीचं दूध तापल्याचा वास आला, की आजही माझा हात आखडतो. शेळगावला माझ्या सासऱ्यांना, आबांना, कंपवात झाला होता. गोळी उष्ण पडू नये म्हणून प्रत्येक गोळीबरोबर मी त्यांना पेलाभर साईचं दूध पाजायची. तरी आबा लाकडासारखे ताठच; उंबऱ्याशी आले, की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. "पोरी, दूध नगं गं. दुधानं गोळी लागू व्हत न्हाय," ते पुटपुटायचे. मला तो हट्ट वाटायचा. "आबा, प्या बरं मुकाट्यानं." एकदा बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?" मी तोऱ्यात म्हणाले, "घरच्या दुधाबरोबर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, दुधातली प्रथिनं या गोळीची वाट अडवतात. ती मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर द्या." दुसऱ्या दिवशी तशी दिली. तासाभरानं आबा उंबरा ओलांडून अंगणात गेले, आपल्या पायांनी. दोन वर्षं त्यांना मीच घरात कोंडलं होतं, आणि पेला रिकामा झाला की वर त्यांचं तोंड पुसून 'शाबास' म्हणायची.